उकळून झाल्यावर चोखणी जाते कुठे?

मावशी, नमस्कार. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. अंगावरच पिते, वजनही छान वाढतंय. झोपेच्या वेळी फार किरकिर करते म्हणून दीड महिन्यापासून तिला पॅसिफायर देते. घरात आम्ही त्याला चोखणीच म्हणतो. दोनच आहेत, एक रबराची आणि एक सिलिकॉनची. दिवसातून आठ-दहा वेळा तरी खाली पडते आणि पडली की मी लगेच उकळते. गेल्या आठवड्यापासून रबराची चोखणी बोटांना चिकट लागतेय. सासूबाई म्हणतात, नळाखाली धर आणि दे, एवढं काय. नवरा म्हणतो, निळ्या दिव्याची डबी मागवू. लंडनच्या नणंदेने पाण्यात टाकायच्या गोळ्या पाठवल्यात, त्या तशाच पडून आहेत. आता गणपतीला एसटीने चिपळूणजवळ गावी जायचंय. तिथे चूल, विहीर आणि घरभर पाहुणे. मी कसं करू? आणि खरं सांगा, मी अती करतेय का?
— एक आई, पुणे

तू मला मावशी म्हटलंस, तर मीही तुला एकेरीच लिहिते. नोकरीची बहुतेक वर्षं मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, त्यामुळे बाटल्या, बोंडलं, वाट्या-चमचे उकळणं हे माझ्या हाताच्या सवयीचं काम. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. उकळण्याच्या बाबतीत तू अती करते आहेस. पण उकळून झाल्यावर ती चोखणी तू कशाने बाहेर काढतेस, कशावर ठेवतेस, कशात भरतेस, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. माझं सगळं लक्ष तिथे गेलं.

का, ते सांगते. वॉर्डात एक बाळ महिन्याभरात दुसऱ्यांदा जुलाबाने दाखल झालं होतं. आई अगदी शिस्तीची, बाळाची वस्तू उकळल्याशिवाय द्यायची नाही. एके दिवशी मी तिला म्हटलं, माझ्यासमोर कर बघू. तिने पातेल्यात पाणी घेतलं, खळखळून उकळलं, घड्याळ लावून वेळ मोजली. सगळं बरोबर. मग गॅस बंद करून तिने चोखणी दोन बोटांनी बाहेर काढली, भाजली म्हणून पदरात धरली, त्याच पदराने कोरडी केली आणि पर्सच्या पुढच्या कप्प्यात टाकली. त्या कप्प्यात सुटे पैसे, किल्ल्या आणि एसटीची तिकिटं होती. बाळ आजारी पडलं ते त्याच चोखणीमुळे, असं मी छातीठोक सांगणार नाही, जुलाबाला शंभर कारणं असतात. पण पाच मिनिटांची सगळी मेहनत पाच सेकंदांत वाया जाताना मी डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून कुणाही आईला मी आधी विचारते, उकळून झाल्यावर चोखणी जाते कुठे?

तर पहिलं काम, आणखी चार चोखण्या आण. सगळ्या सिलिकॉनच्या, एकाच जातीच्या, तिच्या वयाच्या मापाच्या. खर्च वाटेल, पण दिवसातून दहा वेळा गॅस पेटवण्यापेक्षा हे बरं. रबराची टाकून पाच चोखण्या झाल्या की सकाळी एकदाच उकळायच्या आणि दिवसभर पुरवायच्या. पडली की उचलून 'वापरलेल्या'च्या डब्यात, स्वच्छ डब्यातून दुसरी बाहेर. रात्री सगळ्या गोळा करून धुवायच्या. तुझी धावपळ दोन चोखण्यांमुळे होतेय, जंतूंमुळे नाही.

घेताना एवढं बघ की चोखणी एकसंध असावी, तुकडे जोडलेली नको. पुढची चकती दीड इंचापेक्षा, म्हणजे पावणेचार-चार सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी, नाहीतर ती अख्खी तोंडात जाऊ शकते. चकतीला हवेसाठी भोकं असावीत. जत्रेत, सिग्नलवर मिळणाऱ्या चकचकीत, मणी आणि खुळखुळा लावलेल्या चोखण्या कितीही गोड दिसल्या तरी घेऊ नकोस.

आता उकळणं. त्याआधी धुणं, आणि हे बहुतेक जणी गाळतात. लाळ आणि दूध सुकून बसलेलं असतं. त्यावर तसंच उकळतं पाणी पडलं की अंडं शिजल्यावर घट्ट होतं तसा तो थर घट्ट होतो आणि त्याच्याखाली जंतू सुखाने राहतात. म्हणून भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि फक्त बाळाच्या वस्तूंसाठी ठेवलेला एक छोटा मऊ ब्रश. बोंडलं, म्हणजे तोंडात जाणारा भाग, चकतीला जिथे चिकटलेलं असतं ती खाच आणि हवेची भोकं नीट घास. तिथे बोट लावून बघ, बुळबुळीत लागलं तर अजून धुवायचं आहे.

उकळायला एक स्टीलचं पातेलं वेगळं काढ. चहाचं नको, त्यात कितीही घासलं तरी चहा-साखरेचा थर राहतो. चोखण्या पोकळ असतात, त्या पाण्यावर तरंगतात आणि त्यांचा वरचा भाग कोरडाच राहतो. त्यांच्यावर स्टीलची स्वच्छ गाळणी किंवा छोटी चाळणी पालथी घाल म्हणजे त्या पाण्याखाली दबून राहतील. पाणी भरपूर घे, तळाला प्लास्टिक टेकलं तर वितळून वाकडं होतं. पाणी खळखळ उकळायला लागलं की तिथून वेळ धर. चोखण्यांच्या पाकिटांवर बहुधा पाच मिनिटं लिहिलेली असतात, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा बाळाच्या वस्तूंसाठी दहा मिनिटं सांगते. सिलिकॉनला दहा मिनिटांनी काही होत नाही, तू दहा धर. बोअरच्या जड पाण्याने वर पांढरी खार चढते, ती घाण नव्हे. आरओ फिल्टरचं पाणी वापरलंस तर फारशी चढणार नाही. पण फिल्टरच्या पाण्यात नुसती बुचकळली की चोखणी निर्जंतुक झाली असं मात्र समजू नकोस. फिल्टर पाण्यातले जंतू काढतो, चोखणीवरचे नाही.

यानंतरचा भाग मला हात धरून शिकवावासा वाटतो. गॅस बंद केलास की झाकण ठेव आणि पाणी निवू दे. हात साबणाने धू आणि हवेवरच कोरडे होऊ दे. एक छोटा चिमटा चोखण्यांबरोबरच उकळायला टाकायचा, म्हणजे तोही निर्जंतुक होतो. त्याची मूठ पाण्याबाहेर राहील असा ठेव. त्या चिमट्याने कड्याला धरून चोखणी उचल. आता बोंडल्याकडे उजेडात बघ. आत पाण्याचा थेंब हलताना दिसेल. उकळताना आत शिरलेलं ते पाणी असतं. तसंच राहिलं तर एक तर गरम असताना बाळाच्या तोंडात उतरून जीभ भाजते, नाहीतर दिवसभर आत राहून कुबट होतं. बोंडलं धुतलेल्या बोटांनी हलकेच दाब, खालून पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. दोन-तीनदा दाबून ते कोरडं कर. मग चोखण्या उकळून घेतलेल्या चाळणीवर, बोंडलं वर करून, ओट्यापासून दूर ठेव. फडक्याने, पदराने, टिश्यूने पुसू नकोस. हवेवर वाळू दे. पूर्ण कोरड्या झाल्या की झाकणाच्या स्वच्छ डब्यात. पावसाळ्यात दमट डब्यात बंद केलेल्या चोखण्यांवर दोन दिवसांत काळे ठिपके येतात, ती बुरशी. तशी एकही चोखणी धुऊन वापरायची नाही, टाकायची.

डबा रोज धुवायचा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण चोखणी रोज आणि डबा महिन्यातून एकदा, अशी घरं मी पुष्कळ पाहिलीत.

घरातल्या घरात पडली तर? पाळण्यात, तुझ्या मांडीवर, धुतलेल्या दुपट्यावर पडली तर तशीच दे. तिचेच कपडे, तिचीच लाळ. फरशीवर पडली तर वापरलेल्यांच्या डब्यात जाऊ दे. झोपेत तोंडातून गळून पडली आणि ती झोपलेलीच आहे, तर परत तोंडात घालू नकोस. झोप लागावी एवढंच चोखणीचं काम होतं, ते झालं. यानेच तुझ्या आठ-दहा वेळांतल्या तीन-चार कमी होतील.

रोजचं उकळणं मी सहा महिन्यांपर्यंत सांगेन. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यानंतर साबण आणि गरम पाणी पुरे म्हणते. कारणही समजण्यासारखं आहे, सहाव्या-सातव्या महिन्यात मूल पालथं पडून पुढे सरकायला लागतं, हाती येईल ते तोंडात घालतं, तेव्हा एकट्या चोखणीची सोवळ्यात ठेवण करून काय साधणार? आपल्याकडचं पाणी आणि पावसाळा बघता मी मात्र वर्षाची होईपर्यंत रोज धुणं आणि आठवड्यातून दोनदा उकळणं ठेवेन. नऊ महिन्यांआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा आजारातून उठलेलं बाळ असतं तर हे गणित वेगळं झालं असतं, तिथे डॉक्टर सांगतील तसंच. तुझी लेक यांपैकी काही नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसतंय.

सासूबाईंचं काय? त्यांची एक गोष्ट बरोबर आहे आणि ती त्यांना मोकळेपणाने सांग, प्रत्येक वेळी उकळायची गरज नाही. पण नळाखाली धरून देणं या वयात पुरत नाही, कारण लाळेचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही आणि नळाचं पाणी टाकीतून येतं. त्यांना उकळण्याचं शास्त्र समजावण्यापेक्षा रोज सकाळी चोखण्या डब्यात भरायचं काम त्यांच्याकडे दे. हात धुऊन. घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू मळत असेल, तर त्या हाताने चोखणी धरायची नाही, हे मात्र पहिल्या दिवशीच स्पष्ट बोल. एकदा बोलून वाईटपणा घेतलेला परवडतो, रोज मनातल्या मनात कुढणं परवडत नाही.

आणि चोखणी म्हणजे वाईट सवय, असं कुणी म्हटलं तर मन लहान करून घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमध्ये पूर्वी नववी पायरी चोखणी देऊच नका अशी होती. २०१८ साली ती बदलली, आता आईला चोखणी-बाटलीचे धोके नीट समजावून सांगा असं म्हटलंय. मुख्य भीती ही की अंगावर पिणं बसण्याआधी चोखणी दिली तर दूध कमी पडतं. तू दोन महिन्यांनी दिलीस, पिणं बसलेलं होतं, वजन वाढतंय. झोपेच्या वेळी चोखणी असलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक दगावण्याचा धोका कमी दिसतो, म्हणून अमेरिकेतले डॉक्टर झोपताना ती देण्याला मान्यताही देतात. अर्थात बाळ उताणं झोपवायचं, हे त्याहून महत्त्वाचं. एक गोष्ट मात्र पाळ. भूक लागलेल्या बाळाला चोखणी देऊन थोपवायचं नाही. आधी पाजून बघ, मग चोखणी.

नवऱ्याची निळ्या दिव्याची डबी. अतिनील प्रकाश जंतू मारतो, यात खोटं नाही. पण प्रकाश जिथे पडतो तिथेच मारतो. बोंडल्याच्या बुडाशी असलेली खाच, चकतीची मागची बाजू, वाळलेल्या लाळेखालचा भाग, हे सगळं सावलीत. धुऊन-उकळून झालेली चोखणी तिच्यात ठेवायला हरकत नाही, पण तशी तर ती स्टीलच्या डबीतही राहते. ते पैसे चार चोखण्यांना वापरा. वाफेचं विजेवरचं भांडं मात्र चांगली वस्तू आहे. कुणी बारशाच्या आहेरात काय देऊ विचारलं तर ते सांग. त्यातही आधी धुणं आणि मग आतलं पाणी दाबून काढणं चुकत नाही.

नणंदेच्या गोळ्यांचा तुला प्रवासात खरा उपयोग होईल. त्या क्लोरीनच्या असतात. ब्रिटनमध्ये घरोघरी वापरतात. पाकिटावर किती पाण्यात किती गोळ्या ते लिहिलेलं असेल, त्यात अंदाजपंचे करायचं नाही. पाणी थंड आणि स्वच्छ. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, स्टीलचं नको, क्लोरीन धातू खातो. धुतलेल्या चोखण्या पूर्ण बुडव, बोंडल्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस, बुडबुडा असेल तिथे औषध पोचत नाही. बहुतेक गोळ्यांना अर्धा तास लागतो, तुझ्या पाकिटावर असेल तो वेळ धर. पाणी चोवीस तासांनी फेकून नवं करायचं. गावात आशाताई पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनचे थेंब देतात, ते याला चालत नाहीत. ते पिण्याइतके सौम्य करून वापरायचे असतात. आणि जखम धुवायचं अँटिसेप्टिक, फरशीचं फिनेल, हाताचं सॅनिटायझर, यांतलं काहीही चोखणीला लागता कामा नये. ते पोटात जातं.

तू विचारलेलं नाहीस, तरी लिहिते, कारण घाईत प्रत्येकाकडून होतं. पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करणं. २०१३ साली स्वीडनमधल्या १८४ बाळांचा एक अभ्यास आला होता. ज्यांचे आईवडील चोखणी स्वतः चोखून देत, त्या मुलांना दीड वर्षाच्या वयात इसब आणि दमा कमी दिसला. ती बातमी अजून फिरते आणि लोक बिनघोर चोखतात. मुलं थोडी, अभ्यास एकच, आणि आपल्या तोंडातले दात किडवणारे जंतू बाळाच्या तोंडात जातात हेही तितकंच खरं. ओठावर तापाचे फोड आलेले असतील तर त्यांतला विषाणू लहान बाळाला फार महागात पडतो. मी तुझ्या जागी असते तर चोखली नसती. सवय लागलेल्या पाहुण्यांनाही हसून अडवलं असतं.

आता गणपती. स्वारगेटहून कुंभार्ली घाटाने गेलात तर सहा-सात तास धर. घरून पाच चोखण्या उकळून, कोरड्या करून, दोन-दोनच्या छोट्या डब्यांत भर, एक तिच्या तोंडात. सगळ्या एकाच डब्यात भरल्यास की हललेल्या बसमध्ये एक काढताना बाकीच्यांना हात लागतो. तिसरा डबा वापरलेल्यांचा, त्याच्या झाकणावर लाल चिकटपट्टी लाव, घाटात बाळ रडत असताना कुठला डबा कुठला हे वाचायला वेळ नसतो. लहान थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, साबणाची छोटी वडी, एक स्टीलची वाटी. पाचही संपल्याच, तर स्टँडवर उतरून हात धुऊन चोखणीला साबण लाव, थर्मासच्या पाण्याने धू, मग वाटीत ठेवून तेच गरम पाणी वरून ओत आणि थोडा वेळ झाकून ठेव. याला निर्जंतुक म्हणत नाहीत, चांगलं धुणं म्हणतात. एका दिवसापुरतं चालतं. ओल्या टिश्यूने पुसणं त्याहून कमी प्रतीचं, त्याचा वास आणि रसायनंही मागे राहतात. आणि एसटीच्या सीटवर किंवा खाली पडलेली चोखणी कितीही जवळ असली तरी परत तोंडात नाही.

गावी पोचलीस की चुलीवर तुझं पातेलं रोज सकाळी एकदा चढव. बंबातलं पाणी कितीही कडकडीत असलं तरी उकळतं नसतं, त्यात चोखणी बुडवून भागत नाही. भाद्रपदात कोकणातली विहीर गढूळ असते, ते पाणी गाळून घे आणि मग उकळ. वाळवायला जागा शोधावी लागेल, कारण तिकडे काहीच वाळत नाही. चुलीच्या उबेला पण धुरापासून दूर, जाळीच्या झाकणाखाली ठेव. माणसं इतकी असतात की एक जण बाळ घेतो, दुसऱ्याच्या हातात देतो, तिसरा चोखणी शोधतो. डबे उंच फडताळात ठेव आणि काढायचा हक्क दोघींनाच, तू आणि सासूबाई.

मोठी भीती वेगळीच आहे. पंचामृत. पूजा झाली की प्रेमाने कुणीतरी बाळाच्या ओठाला बोट लावतं, किंवा रडतं म्हणून चोखणी पंचामृतात बुडवून देतं. पंचामृतात मध असतो. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निमूट निघून जातात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, मान धरत नाही, शी होत नाही, रडणं क्षीण होतं, श्वासापर्यंत जातं. २०१८ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये चार बाळं याच आजाराने रुग्णालयात दाखल झाली, चौघांच्याही चोखणीत मध भरलेला होता. आणि हे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत. म्हणजे मध लागलेली चोखणी दहा मिनिटं उकळली तरी खात्री नाही. त्यामुळे वर्षाची होईपर्यंत मध नाही, पंचामृत नाही, मधातली गुटी नाही, आणि चोखणीला साखर, गूळ, ग्राइप वॉटर लावणंही नाही. जाण्याआधी सासूबाईंनाच हे सांग आणि गावी सगळ्यांना सांगण्याचं काम त्यांच्यावर सोपव. तिथे तुझ्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे. देवाचं तीर्थ बाळाच्या कपाळाला लावलं तरी पोचतं.

पडते म्हणून गावात कुणीतरी काळ्या दोऱ्यात ओवून चोखणी गळ्यात घालायला सांगेल. अजिबात घालू देऊ नकोस. झोपेत दोरा गळ्याभोवती आवळला की आवाजही येत नाही. बंडीला अडकवायची चिमटीची पट्टी मिळते, युरोपच्या नियमात तिची लांबी २२ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तशीच आखूड घे. तीसुद्धा जागेपणी, तुझ्या नजरेसमोर. झोपवताना काढून ठेव. पट्टी कापडाची असेल तर तिचं धुणं विसरू नकोस, दिवसभर लाळेत भिजलेली असते.

रोज देण्याआधी बोंडलं चारी बाजूंनी ओढून बघ. चीर, चिकटपणा, रंग बदललेला, फुगलेलं, काहीही दिसलं तर टाक. रबर उष्णतेने आणि लाळेने लवकर खराब होतं. तुझ्या दिवसात दहादा उकळण्यानेच ते चिकट झालं. असं रबर फाटून तुकडा घशात अडकू शकतो. सिलिकॉन उकळणं जास्त सोसतं, पण दात आले की त्यालाही चिरा पडतात, तेव्हा जास्त बारकाईने बघ. चांगली दिसली तरी मी दीड-दोन महिन्यांनी नवी घेते.

जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसले आणि ते पुसून निघाले नाहीत तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखव. औषध चालू असताना सगळ्या चोखण्या रोज उकळ आणि औषध संपल्यावर जुन्या टाकून नव्या घे, नाहीतर तीच बुरशी परत येते. तुझ्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तेही त्यांना सांग, उपचार दोघींना लागतो. गावी असताना पातळ जुलाब, ताप, पिणं कमी होणं, लंगोट बराच वेळ कोरडा राहणं, यांतलं काहीही झालं तर विसर्जनाची वाट न बघता दाखव.

सहा महिन्यांनंतर दिवसाची चोखणी हळूहळू कमी कर, फक्त झोपेपुरती ठेव. त्यापुढे दिवसभर चोखत राहणाऱ्या मुलांचे कान जास्त फुटतात. वर्षानंतर सोडवायची कशी, ते तेव्हा लिही, मी नक्की उत्तर देईन.

रबराची ती चिकट चोखणी मात्र हे पत्र वाचून झालं की लगेच टाक. टाकण्याआधी कात्रीने बोंडलं कापून टाक, म्हणजे घरातलं कुणी 'चांगली तर आहे' म्हणून धुऊन परत डब्यात ठेवणार नाही.